डाव्या कळीचा कौल

धर्माच्या बाबांस, ठमाचा नमस्कार.

नात चालायला लागली, तुमच्यासारखीच हट्टी. ते राहू दे. मिठागराच्या बांधावर तुम्ही म्हणायचात, "देव हाय का न्हाय, कुणाला ठावं? मेल्यावर कळलं तर सांगेन."

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. आज गुरवाकडून देवीला कौल लावला. पाषाणावर दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर न्हाय. मी विचारलं, "देव हाय का?"

वारा नव्हता. तीनदा विचारलं, तीनदा डावीच पडली.

"म्हातारे, असलं विचारू नये!" म्हणत गुरव पळाला. मी मात्र हसत बसले. देव नसंल, तर कळी पाडली कोणी? तुम्हीच की!

पत्राला पत्ता न्हाय, म्हणून भाताच्या कणगीत ठेवते. उद्या परत कौल लावायला जाईन. जेवलात का, एवढंच विचारीन.

तुमची,
ठमा