ताईचा उन्हाळा

प्रिय वसुताई,

लोअर हटला आज ऊन आहे, तरी दोरीवरचे तुझे पोहायचे टॉग्ज निथळतायत. तू गेल्यापासून ते वाळलेच नाहीत, आणि मला काढवत नाहीत. असो, विषय माल्टाचा.

इथे न्यूझीलंडात उन्हाळा डिसेंबरात, म्हणून तू तिकडची तिकिटंही डिसेंबरची काढलीस. मी हसलो, "अगं, तिकडे तेव्हा थंडी, वारा, पाऊस. मे नाहीतर सप्टेंबर बघ."

"गप रे भटक्या, उन्हाळा म्हणजे डिसेंबरच!"

तुझं जाणं राहूनच गेलं. आता सगळे म्हणतात, तिच्या अस्थी माल्टाच्या समुद्रात सोडायला मेमध्ये जा, तेव्हा तो शांत असतो. पण मी डिसेंबरातच जाणार. तू तुझ्याच उन्हाळ्यात पोहायला येशील. मेमध्ये मला तिथे कोण भेटणार?

येताना टॉग्ज आणतो, ओलेच.

तुझा भटक्या,
सुयश