काकांच्या तीन ओळी

सोमवार, ३ मार्च. सकाळी ११.
आजपासून शिस्त. चार नोकऱ्या सोडून मावशीकडे लोळत पडलोय असं कुणी म्हणायला नको.
मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, एके काळी प्रोफेशनल बेसबॉल खेळायचे. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, होते. आणि इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात त्यांच्यावर फक्त तीन ओळी! रविवारी मावशीच्या मुलीचे, म्हणजे ताईचे, होणारे सासरे येताहेत, बेसबॉलचे वेडे. काकांना त्यांना ते पान दाखवायचंय. म्हणाले, माझं जन्मसाल चुकलंय, तेवढं नीट कर, बाकी कशालाही हात लावू नकोस.
माणूस भिडस्त. मी दोन हजार शब्द लिहिणार.

मंगळवार.
बेसबॉलच्या चेंडूला १०८ टाके असतात. त्यावरून शिलाई मशीनचा इतिहास वाचला. त्यावरून देवमासे. ज्ञान वाया जात नाही.
लेख: शून्य शब्द.

बुधवार. संध्याकाळी.
लिहिला! ‘झंझावाती’ सहा वेळा. पाचव्या मिनिटाला एका संपादकानं सगळं उडवलं. पुरावा मागतो. लिहिलं, पुरावा: मावशी. चालत नाही म्हणे. मावशी म्हणाली, मेल्याला घरी घेऊन ये, दाखवते पुरावा.

गुरुवार.
माळ्यावर काकांच्या क्लबचं जुनं छापील वार्षिक मिळालं. लेखाच्या मूळ तीन ओळींत ‘तीन सीझन’, वार्षिकात ‘तीन सामने’. चूक पकडली! दुरुस्त केली, पान नंबरासकट. संपादकानं चक्क आभार मानले. काकांना सांगितलं नाही. सरप्राइज. उत्साहात सगळ्या संपादकांना निमंत्रण धाडलं, या, लेख बघून जा.

शुक्रवार.
आले. झुंडीनं आले. चर्चा: तीनच सामने खेळलेल्या माणसावर लेख हवा कशाला? मी ठणकावलं, तीन का होईना, झंझावाती होते.

शनिवार. दुपारी.
पान काढून टाकलं. एकमतानं. मी नवखा, म्हणून माझं मत धरलंच नाही. काकांना सांगायला गेलो, तर ते शीळ घालत उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. उद्या सांगू.

रविवार.
व्याह्यांसमोर काकांनी मोबाइल उघडला. ‘असे पान अस्तित्वात नाही.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वार्षिक आणून शांतपणे समजावलं, तीन सीझन नव्हे, तीन सामने. काकांचे कान लाल. ताईनं डोळे मिटून घेतले.
मग व्याही इतके हसले की बशीत चहा सांडला. म्हणाले, अहो, मी तीस वर्षं मैदानाबाहेर बसून ओरडलो, तुम्ही तीन दिवस आत उभे होतात! चेंडू धरायचा कसा, तेवढं शिकवा. काका संत्रं घेऊन तासभर शिकवत बसले. लग्नाची तारीख ठरली.
कपबशा विसळताना मावशी म्हणाली, याला जन्मसाल बदलायला सांगितलं होतं ना?
तेच राहून गेलं.
असो. आता त्या लेखात एकही चूक नाही.