गार्नेटच्या नावाची शिळा

विंडवर्ड, कॅरियाकू
६ ऑक्टोबर १९७३

ती. कथबर्टदादास, इस्मेचा नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिले, तर तुम्ही लगेच पुरावा मागाल. म्हणून लिहीत नाही. गार्नेटची शिळा घडवून तयार आहे. सर्व संतांच्या सणानंतरच्या दुसऱ्या शनिवारी ती उभी करून गावजेवण घालायचे ठरले आहे. आपल्या धाकट्या भावाचे गलबत बोनेरच्या पाण्यात नाहीसे झाले, त्याला सहा वर्षे झाली. इतके दिवस त्याची बायको व्हेल्डाच अडून बसली होती. प्रेत नाही तर शिळा कसली, हे तिचे एकच पालुपद. पण गेल्या ईस्टरआधीच्या उपासांत तो माझ्या स्वप्नात आला, निथळत दारात उभा राहिला आणि जेवायला मागू लागला. स्वप्नात येऊन मागणाऱ्याला नाही म्हणायची आपल्याकडे कोणाची छाती आहे? तुमची असेल. तुम्ही स्वप्नाचीही उलटतपासणी घ्याल. व्हेल्डाची नव्हती. ती कबूल झाली.

आता खरे कारण लिहिते. कप्तान टायटस काल विलेमस्टाडहून परतला. तिथल्या गोदीत मजुरांचा पुकारा चालला असता गार्नेट एनो, विंडवर्ड, असे नाव त्याने ऐकले. आणि त्या नावाला कोणीतरी ओ दिली. गर्दीमुळे चेहरा दिसला नाही. टायटस हे मला होडीच्या छपरामागे हळूच सांगत होता, पण व्हेल्डा पलीकडे मासे वाळत घालीत होती. तिने सगळे ऐकले. मला एवढेच म्हणाली की, वन्सं, मी विधवा की टाकलेली, ते एकदाचं कळू द्या; दोन्ही पोशाख मला येतात, पण अंगावर एका वेळी एकच चढतो.

दादा, जिवंत माणसाची शिळा उभी केली तर त्याला घरचा उंबरा कायमचा बंद होतो. मेलेल्याची नाही केली तर तो उपाशी फिरतो. सेंट जॉर्जेसमध्ये न्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन तुम्ही नुसते गुलाब खुरपत बसला आहात, असे ऐकते. विलेमस्टाडला जा. लोभ आहेच, तो वाढवा. आणि या खेपेस वाद घालू नका.

तुमची धाकटी,
इस्मे


विलेमस्टाड
२० ऑक्टोबर

चि. इस्मे हिस अनेक आशीर्वाद.

वाद घातला नाही; आलो. ओट्रोबांडाच्या बाजूला शोन एमिरिटा नावाच्या बाईंकडे उतरलो आहे. बाई फुंची, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, उत्तम घोटतात. ती आपल्या कू-कूची सख्खी बहीणच आहे, पण हे त्यांना पटत नाही. मी भावाच्या शोधात आलो आहे असे सांगताच त्या म्हणाल्या की, या वस्तीत भाऊ शोधायला येणाऱ्या सभ्य माणसाला बहुधा नवीन भावजय सापडते. तेव्हा दोघांपुरती भेट आणली असेल तर बरे. मी हसलो नाही. त्यांना तेही आवडले.

टायटसची साक्ष खरी आहे. गोदीत गार्नेट एनो नावाचा मजूर आहे. मात्र एका माणसाने एका नावाला ओ दिली, यावरून तो माणूस आहे इतकेच सिद्ध होते. कोण आहे ते होत नाही. मी गेलो की तो नुकताच गेलेला असतो. मुकादमाने मला सरळ विचारले की, म्हातारबुवा, तुम्ही पोलीस की सासरे? दोहोंपैकी कोणीही नाही म्हटल्यावर तो म्हणाला की, मग तो इतका का घाबरतोय?

काल तो दिसला. मी तरंगत्या पुलावर होतो आणि तो पुढे, खाडीपलीकडच्या पुंडाच्या बाजूला जात होता. पाठ रुंद, चाल आपल्या बेटावरची, जमीन हलते आहे असे गृहीत धरून टाकलेले पाऊल. मी नावाने हाक मारली. तो थबकला आणि वळला. तेवढ्यात घंटा झाली. मोठे जहाज आत येत होते, पूल सुटून बाजूला सरकू लागला. तो पलीकडच्या धक्क्यावर, मी पुलावर, आणि मध्ये पाणी रुंदावत चाललेले. ऊन डोळ्यांवर होते. त्याने हात वर केला. तो ओळखीचा की नकाराचा, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पूल परत लागला तेव्हा धक्का रिकामा होता.

ज्या पुराव्यावर मी कोणाला दंडही केला नसता, त्यावर व्हेल्डाला सधवा किंवा विधवा ठरवणार नाही. तिला आशा देऊ नकोस. असलेली काढूनही घेऊ नकोस. त्याच्या अंगावरची एखादी निर्विवाद खूण असल्यास कळव. तब्येतीस जप.

तुझा,
कथबर्ट


विंडवर्ड
२६ ऑक्टोबर

ती. दादास नमस्कार वि. वि.

खूण विचारता, दादा? डाव्या अंगठ्याचे पेर. गलबताची फळी तासताना वाकसाने उडालेले. तुम्ही तेव्हा कायद्याची पुस्तके पाठ करीत होता. रक्त मी पुसले होते.

शिळा घरात आणली आहे. रीतीप्रमाणे पलंगावर निजवली, पांढरी चादर घातली. व्हेल्डा त्या खोलीत जात नाही, स्वयंपाकघरात चटई टाकून पडते. गावात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, गार्नेटने तिकडे दुसरे घर केले. दुसरा म्हणतो, मेलेल्याचे नाव घेऊन कोणी भूत राबते आहे. दोन्ही तट मका कांडायला मात्र वेळेवर येतात.

शेजारच्या पेटिट मार्टिनिक बेटावरून टँटी तामारही आली आहे. तिचा ओर्मन त्याच गलबतावर होता, हे तुम्हाला आठवत असेल. तिने पहिल्याच वर्षी त्याची शिळा उभी केली, आणि तेव्हापासून दर सणाला पितरांचे ताट वाढते. काल ती व्हेल्डाला सगळ्यांदेखत म्हणाली की, अगं, माझा पोरगा सहा वर्षं पोटभर जेवतोय, तुझा नवरा दारोदार मागत हिंडतोय; कसली ही माया! व्हेल्डाच्या हातातले मुसळ थांबले. मला वाटले, आता ते तामारच्या पायावर पडते. पण तिने पुन्हा कांडायला घेतले, फार जोरात.

दादा, तो असेल तर ओढून आणा. नसेल तर तसे लिहा. पण लवकर.

इस्मे


विलेमस्टाड
४ नोव्हेंबर

चि. इस्मे हिस आशीर्वाद.

हे पत्र आधी तू एकटीने वाच.

त्याचा अंगठा धड आहे.

तो काल स्वतःच शोन एमिरिटांच्या दारी आला. बाईंनी बाजारात त्याला गाठून खडसावले होते की, माझा पाहुणा तुझ्यामागे उन्हात फिरून मेला तर त्याला पुरायचं कोणी? तो ओसरीवर बसला. त्याने हात गुडघ्यांवर ठेवले आणि मी न विचारता बोलू लागला. तो तामारचा ओर्मन आहे.

गलबत फुटले तेव्हा दोघे एकाच फळीला धरून होते. गार्नेटच्या बरगड्या डोलकाठीखाली चेपल्या होत्या. त्याने गळ्यातली मेणकापडाची पिशवी सोडून ओर्मनच्या गळ्यात अडकवली आणि ती व्हेल्डाला दे म्हणाला. पहाटेपूर्वी त्याचा हात सुटला. आपला भाऊ गेला, इस्मे. याबद्दल माझ्या मनात आता वाजवी शंका उरलेली नाही. असती तर बरे होते.

पिशवीत गार्नेटचा खलाशी परवाना होता. ओर्मनची कागदपत्रे बुडाली होती. परवान्यावरचा फोटो पाण्याने धुऊन गेलेला. त्यावर त्याने काम मिळवले, तात्पुरते, असे तो म्हणतो. पुढे आपल्या बेटाच्या एका खलाशाकडून त्याला कळले की, आईने त्याची शिळा उभी केली. मग तो परतला नाही. त्याचे म्हणणे असे की, शिळा उभी राहिलेला माणूस घरी गेला, तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी त्याच्या जागी जावे लागते. आणि घरात आई एकटीच आहे.

मी त्याला रागावण्याच्या तयारीने बसलो होतो. या वाक्यानंतर ते जमले नाही. तरीही सहा वर्षे एक बाई वाट पाहत राहिली ती याच्या मौनामुळे, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला की, ठाऊक आहे, रोज हजेरीला तिच्याच नवऱ्याचं नाव ऐकतो.

पुढे काय, हे मी ठरवणार नाही. तो अधिकार व्हेल्डाचा आणि तामारचा आहे. दोघींना कसे सांगायचे ते तू माझ्याहून नीट जाणतेस.

तुझा,
कथबर्ट


विंडवर्ड
१० नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार वि. वि.

आज शिळा उभी राहायची होती. राहिली नाही.

व्हेल्डाला मी काल सांगितले. ती कू-कू ढवळीत होती, ढवळतच राहिली. भांडे उतरवल्यावर तिने विचारले की, त्यांनी पिशवी स्वतःच्या हाताने दिली ना? होय म्हटले. मग ती आतल्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला शिळेशेजारी बसली. तिच्या रडण्याचे मी लिहीत नाही. ते तिचे आहे.

तामारने ऐकून घेतले आणि आधी मला खोटारडी ठरवले. मग तुम्ही लिहिलेत म्हटल्यावर तिने पत्र हातात घेतले. वाचता येत नाही, तरी उलटसुलट करून पाहिले. थोड्या वेळाने एकदम भडकली, की मग मी वाढलेलं सहा वर्षांचं कोंबडीचं मटण खाल्लं कुणी? आम्ही सगळ्या हसलो, दादा, त्या घरात, आणि ती हसता हसता जमिनीवर बसली. तिचा निरोप असा: शिळा मी उभी केली, तेव्हा ती सोडवायची ती मीच. रम शिंपडीन, पितरांना हात जोडून सांगीन की चूक माझी झाली, पोराला बोल लावू नका. आणि जागा भरायला कोणी हवंच असेल, तर माझं वय झालंय. त्याने त्याची चिंता करू नये.

पण व्हेल्डाची अट कडक आहे. माझ्या नवऱ्याचे नाव तिकडे गोदीत चालतेबोलते असताना मी ते इथे दगडावर कसे उभे करू, असे ती विचारते. त्याने सगळ्यांसमोर ते परत करावे, मगच शिळा हलेल. तोवर ती पलंगावरच राहील. टायटस मंगळवारी तिकडे निघतो आहे. परतताना तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठी जागा ठेवील.

तो येईल ना?

इस्मे


विलेमस्टाड
१९ नोव्हेंबर

चि. इस्मे हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर काल रात्रीपर्यंत नाही असे होते. मी जितके युक्तिवाद जाणतो, तितके केले. ज्याने बांधले त्यालाच सोडवण्याचा अधिकार असतो, हे तत्त्व मी त्याला तीन रीतींनी समजावले. तो नुसती नकाराची मान हलवी. शेवटी शोन एमिरिटा म्हणाल्या की, न्यायमूर्ती, तुम्ही थोडं थांबा. आणि त्यांनी त्याला आईचा निरोप फक्त पुन्हा एकदा वाचायला लावला, मोठ्याने. वय झाल्याच्या वाक्याशी त्याने कागद खाली ठेवला आणि टायटस कधी सुटतो ते विचारले.

आज सकाळी तो धक्क्यावर आला. टायटसने त्याला पाहिले मात्र, दोन पावले मागे सरून छातीवर क्रूस केला. खलाशांचे हात थांबले. शिळा उभी असलेल्या माणसाला गलबतावर घेणे टायटसच्या हिशेबी साधी गोष्ट नव्हे. त्याने फळीच्या तोंडाशी आडवे उभे राहून प्रत्येक चढणाऱ्याला विचारतात तेच विचारले: कोण, आणि कोणाचा?

मला बोलता आले असते. पण उत्तर त्याने द्यायचे होते.

ओर्मनने तोंड उघडले आणि मिटले. मागून कोणी तरी ओरडले की, अरे, नाव सांगायला इतका वेळ, लग्नाला निघालायस का? मग त्याने गळ्यातली पिशवी काढून माझ्या हातात दिली, आणि धक्का ओलांडून पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला की तो ओर्मन, पेटिट मार्टिनिकच्या तामारचा.

टायटसने हात पुढे करून त्याला वर घेतले.

वारा तोंडावर असल्याने आम्हाला उशीर होईल. म्हणून हे पत्र बाईंच्या हाती विमानटपालासाठी देतो. व्हेल्डाला सांग, नाव मोकळे झाले आहे. दगडावरची अक्षरे मी स्वतः तपासून घेईन.

तुम्हा सर्वांच्या लोभाचा ऋणी,
कथबर्ट