सदाफुलीची अर्धी गोष्ट

प्रिय सुमन,
सप्रेम जय भीम.

गेलेल्या माणसाला जय भीम लिहितात की नाही, मला ठाऊक नाही. तुझ्या दादांना विचारलं, तर म्हणाले, "लिही की, ती काय परत पाठवनार हाय?" म्हणून लिहिलं.

आज सकाळी मी कुदळ घेऊन तुझी सदाफुली काढायला निघाले होते. कुंपणापासून न्हाणीपर्यंत, सगळीच्या सगळी. लगेच तोंड फुगवू नकोस, आधी ऐकून घे. मी दमलेय गं. तुला जाऊन वर्ष होत आलं, पण पाला मागायला येणाऱ्या बायका थांबत नाहीत. कशेळ्याच्या बाजाराहून परतताना वाट वाकडी करून येतात. कुणाच्या सासूला गाठ, कुणाच्या नवऱ्याला साखर, कुणाला नुसताच अशक्तपणा. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: "सुमननं सांगितलं हुतं, तिचं औषद ह्याच झाडाचं."

सांगितलं होतंसच तू. ब्लाउजाचं माप घेता घेता सगळ्या कळंबला सांगितलंस. मुंबईच्या इस्पितळातून इंजेक्शन घेऊन यायचीस, दोन दिवस पडून राहायचीस आणि तिसऱ्या दिवशी मशीनवर बसून पुन्हा सुरू. "आमच्या दारातलं फूल हाय, मोठमोठे डाक्टर सुईत भरून देतात." मला चिडवायला आणखी एक जोडायचीस, "वैनी, तुजी शेळी ज्याला तोंड लावीत नाय ना, तेच मला देतात."

तेव्हा मी हसायचे. आता वाटतं, तू गोष्ट अर्धीच सांगितलीस. उरलेली अर्धी सांगायला मला मागे ठेवलंस.

उरलेली अर्धी तुलाही माहीत होती, सुमन. त्या बुटक्या डॉक्टरीणबाई किती नीट समजावून सांगायच्या. म्हणायच्या, गाठीतल्या एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. दोन होताना पेशीच्या आत बारीक धागे तयार होतात आणि ते सगळा ऐवज दोन्हीकडे ओढून निम्मानिम्मा करतात. सदाफुलीतलं औषध ते धागे जुळूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. तू पटकन म्हणालीस, "म्हंजे दोराच तोडायचा, मग शिलाई कशी व्हनार?" बाई किती खूश झाल्या होत्या.

आईंनी ते झाड साखरेसाठी लावलेलं. रोज सकाळी तोंड वेडंवाकडं करत पानं चघळायच्या. बाई म्हणाल्या, बाहेरदेशीही लोक साखरेवरच घेत होते. तपासणाऱ्यांना साखर उतरलेली काही दिसली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या, आणि तिथून हे औषध निघालं. पण ते निघतं गोण्यांच्या गोण्या पाल्यातून चिमूटभर. त्याच पानात आणखी कितीतरी विषं असतात, ती बाजूला काढावी लागतात. शेळी उगाच तोंड फिरवत नाही. झाडानं ते विष स्वतःला राखायलाच केलेलं असणार, असं बाई म्हणाल्या होत्या. हे तू कुणाला सांगितलंस का? सुई शिरेबाहेर गेली तर मांस जळतं, म्हणून बाई तुझा हात किती वेळ धरून बसायच्या, ते सांगितलंस? केस गेले तेव्हा टॉवेल गुंडाळून, "नवी फ्याशन हाय," म्हणालीस. तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

आणि पायांचं तर तू मलाही सांगितलं नाहीस.

बाईंनी बजावलं होतं, तसलेच धागे नसांमध्येही असतात, कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत माल पोचवतात. औषध त्यांनाही सोडत नाही. बोटं बधिर झाली तर लगेच सांगा, मात्रा कमी करावी लागेल. तुला फक्त 'कमी करावी लागेल' एवढंच ऐकू आलं. रोज रात्री मी तुझ्या बोटांना चिमटे काढायचे आणि तू प्रत्येक चिमट्याला "आई गं" म्हणायचीस. मी निश्चिंत झोपायचे.

मग एकदा नळावरून एकाच पायात चप्पल घालून आलीस. दुसरी वाटेत कधी निसटली, तुला पत्ताच नव्हता. माझ्या ब्लाउजाची शिलाई नागमोडी आली, कारण मशीनच्या पायडलवर पाय आहे की नाही हेच तुला कळत नव्हतं. त्या रात्री मी तुझे डोळे पदरानं झाकले आणि चिमटा काढला. तू गप्प. दुसरा काढला, तरी गप्प. मग विचारलंस, "वैनी, कवा काडनार चिमटा?"

मी बाईंना सांगितलं. ते इंजेक्शन थांबलं. "माजं औषद तू तोडलंस," एवढं बोललीस आणि आठवडाभर माझ्याशी अबोला धरलास. पुढे गाठी परत आल्या, तेव्हा मी बाईंना एकटीच जाऊन विचारलं, मी गप्प बसले असते तर? त्या म्हणाल्या, नाही, गाठींना औषधाची सवय झाली होती, ते आता चाललंच नसतं. आणि तसंच देत राहिलो असतो तर तुम्ही तिला शेवटी पाठीवर घेऊन फिरला असता. मी मान हलवली. पण सुमन, अजूनही भांडी घासताना तोच प्रश्न येतो. तू असतीस तर तुलाच विचारलं असतं.

तर सकाळी पहिली कुदळ मारणार, एवढ्यात जैबुन आली. तुझी बांगडीवाल्यांची जैबुन, जिच्या निकाहाचे सगळे कपडे तू शिवलेस. ओढणीत पाला खुडू लागली. तोंड पांढरंफटक.
"कुणाला गं?" मी विचारलं.
तिनं मानेवरची ओढणी सरकवली. तुझी होती तिथंच, तेवढीच गाठ.
"म्हयना झाला, काडा पिते," ती म्हणाली. "उलट्या थांबत नाय. पन सुमनला गुन आला हुता ना, वैनी?"

मी कुदळ बाजूला ठेवून पायरीवर बसले. पुन्हा तो फिनेलचा वास, पुन्हा ते बाकडं, पुन्हा नंबर पुकारायची वाट बघणं. त्या इस्पितळाची पायरी चढणार नाही, असं मी तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी स्वतःला सांगितलं होतं. माझ्यात आता जोर नाही गं. पण तिला काय सांगू, की तू अर्धीच गोष्ट सांगितलीस आणि मी झाडं उपटून मोकळी झाले?

तिच्या ओढणीतला पाला मी उकिरड्यावर टाकला. म्हटलं, "गाठ कसली हाय ते आदी डाक्टर सांगतील. औषद झाडाचं असलं तरी झाडाकडून घ्यायचं नाय." मग उरलेली अर्धी गोष्ट तिला सांगितली. केस, सुई, पाय, सगळं. ती रडली. मी आवरायला सांगितलं नाही.

उद्या पहिल्या एसटीनं मी तिला घेऊन नेरळला जातेय, तिथून पुढे मुंबई. चप्पल निसटते म्हणून घेतलेल्या तुझ्या त्या मागं पट्टा असलेल्या सँडल पुसून ठेवल्यात, तिलाही लागतील कदाचित. सदाफुली राहू दे म्हणते. फुलं छान दिसतात, आणि पाला मागायला येईल तिला पायरीवर बसवून पूर्ण गोष्ट सांगेन, कितीही दमले तरी.

आणि तुला शब्द देते सुमन, जैबुनला सुई सुरू झाली तर रोज रात्री तिच्या बोटांना मीच चिमटा काढीन. पण आधी तिला डोळे मिटायला लावीन.

तुझीच,
वैनी