आईचं इष्टलिंग आणि गॅमा किरण

नांदेड, सोमवार संध्याकाळ

आज आईच्या छातीला कॅन्सरसाठी किरणांचा पहिला शेक दिला. मशीनखाली झोपवताना टेक्निशियन म्हणाला, "आजी, गळ्यातलं काढा." जन्मापासूनचं इष्टलिंग! आई माझ्याकडं बघून राहिली. मी फिजिक्स शिकवणारी. म्हटलं, "काढ गं. तारा फुटल्यावर निघतात ना, त्याच जातीचे किरण हायत हे."

"तारा मरताना सोडतो ते?"

"हाव."

काय गरज होती मला ताऱ्याचा विषय काढायची?

तिनं लिंग काढलं, डाव्या तळहातावर धरलं. पूजेला धरते तसंच, अशी मी मनाची समजूत घालून राहिले. पण आम्हा लिंगायतांत माती देतानाही ते मेलेल्याच्या डाव्याच तळहातावर ठेवतात.

घरी आल्यावर म्हटलं, "बांध की आता गळ्यात."

मूठ न उघडता म्हणाली, "राहू दे तिथंच."