बयाबाईची तहान

२४ मार्च १९२५, मंगळवार. तळेगाव स्टेशन

आज पुन्हा ओरडले! उपवासकाळात आवाज चढवायचा नाही असं येशूला कबूल करून चार आठवडे होत आले, आणि दुधात पाणी दिसल्याबरोबर गवळ्यावर अशी तुटून पडले की साऱ्या क्वार्टर्सनी ऐकलं असेल. हे म्हणाले, "तुझा उपास जीभ सोडून बाकी सगळ्या अंगाला आहे." खरं आहे. पण बोलून दाखवायची काय गरज?

दुसरा नेम मात्र पाळते आहे — बयाबाईची सेवा. ती रेल्वेतल्या गँगमनची विधवा, मागेपुढे कोणी नाही. पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळून आहे. इथे ख्रिस्ती म्हणाल तर आमचं घर आणि ती. मी तिचं अंग पुसते, वेणी घालते, पेज भरवते. संध्याकाळी दोघी मिळून जपमाळ. ती अडखळली की मी थांबते. आज मध्येच माझा हात धरला — "मार्था, तू माजी आई झालीस गं." सत्तरीची बाई! मला रडूच आलं. थोडा गर्वही झाला, उगाच कशाला लपवू.

२७ मार्च

बयाबाईला तपासून डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, फार तर चार-आठ दिवस. तिला न सांगताच कळलं. "एकडाव फादरांच्या हातनं परसाद मिळू दे. मग मी मोकळी." वर्षभर तिला कम्युनियन, येशूच्या शरीराची ती पवित्र भाकर, मिळालेलं नाही. लोणावळ्याला फादरना लगेच कार्ड टाकलं.

२९ मार्च, रविवार

फादर येणार! मंगळवारी सकाळी सातच्या गाडीने.

३० मार्च

दिवसभर कंबर मोडून काम. खोली सारवली, माझ्या लग्नातली पांढरी चादर काढली, क्रूस घासून पुसून ठेवला. टांगेवाल्या गुलजारची बायको मेहमुदा ओंजळभर मोगरा घेऊन आली. तिचे रोजे चालू आहेत. "माज्या दारचा हाय. तुमच्या देवाला चालंल का?" चालेल म्हणजे काय!

बयाबाईला बजावलं — मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबसुद्धा नाही, नाहीतर कम्युनियन घेता येणार नाही. मठात सिस्टरनी आम्हाला हेच शिकवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं पोरी."

३१ मार्च

कसं लिहू?

गाडी आलीच नाही. मळवलीजवळ मालगाडीचं इंजिन बंद पडून सगळी लाईन अडली होती. आठ वाजले, नऊ वाजले. पत्रा तापला. बयाबाईच्या ओठांची सालं निघत होती. मी ओला फडका फिरवत होते, तोही पिळून — चुकून थेंब आत जायला नको! वर म्हणाले, "थोडं सोसा. येशूनेही क्रुसावर तहान सोसली." ती म्हणाली, "व्हय."

दहाला गाडीची चौकशी करायला स्टेशनात गेले. परत आले तर मेहमुदा तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजत होती.

मग मी काय काय बोलले! "तिचा प्रसाद बुडवलात! तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" मेहमुदा उभी राहिली. "म्हातारीचं नरडं सुकलंय, मार्थाबाई. मी रोजा धरलाय, तहान म्हंजी काय ते मला ठावं हाय. पर मी धडधाकट हाय." भांडं खाली ठेवून निघून गेली. बयाबाईने डोळे मिटून घेतले.

दोन वाजता फादर आले. दारातच रडत सांगितलं, उपास मोडला. त्यांना आधी कळेचना. मग हळूच म्हणाले, "अगं, मरणाच्या दारात असलेल्याला उपास नसतो. पाणी तर द्यायलाच हवं होतं."

कम्युनियन देताना तिला गिळवेना. फादरनी स्वतः चमचाभर पाणी पाजलं. तिचा चेहरा असा उजळला! मी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी.

संध्याकाळी मेहमुदाकडे गेले. रोजा सोडायची वेळ. "चुकलं माझं," एवढंच जमलं. तिने हातावर खजूर ठेवला. "आदी बसा तरी."

२ एप्रिल

बयाबाई गेली. दुपारी जपमाळ म्हणता म्हणता. तिची 'नमो मारिये' अर्धीच राहिली. उरलेली मी म्हटली.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

पाणी प्यायला घेतलं की भांडं तसंच खाली ठेवते. दहा तास! माझ्या हाताने तिला दहा तास कोरडं ठेवलं, आणि त्याला सेवा म्हणत होते.

१३ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

मेहमुदा आली होती. मी अजून रडते हे बघून शेवटी बोलली — "सांगू नगंस म्हनली व्हती, पर सांगते. मी पानी नेलं तर तोंड फिरवलं म्हातारीनं. म्हनली, मला ठावं हाय गं, मरत्याला उपास न्हाई. माजे मालक गेले तवाच फादरांनी सांगितलं व्हतं. पर पोरीनं लय जिवानं मांडलंय. तिचा हिरमोड कशाला? मंग मीच डोकं मांडीवर घिऊन बळंच पाजलं."

दहा तास. माझ्यासाठी!