धोंडबा, आत ये वं!

श्री. जावईबापू पियुषराव यांस,

सप्रेम जय भीम. पुण्यात दीप्ती तुम्हाला वेळेवर जेवू देत असेल आणि तुमची कंबर आता ऑफिसच्या खुर्चीत टिकत असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक आहे. (ठीक म्हणजे धंतोलीतल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात मला अजून कोणी मारलेलं नाही.)

दिवाळीत तुम्ही पेशंटांच्या एक्सेल शीटला जो मॅक्रो लावून दिलात, तो उत्तमच. नंबर आला की भिंतीवरच्या टीव्हीवर पुरुषाला 'आत ये गा' आणि बाईला 'आत ये वं' झळकायचं, आणि सावनेर-कळमेश्वरची माणसं दुखता दात विसरून हसायची. पण मागच्या आठवड्यात कंप्युटरवाला न विचारता एक्सेलचं नवं व्हर्जन टाकून गेला आणि मॅक्रोने अंगच टाकलं. वर लाल पट्टी, की ही फाईल धोक्याची आहे. तुमच्या हातची फाईल, आणि धोक्याची! घरच्या जावयाचा अपमान मला सहन झाला नाही. परवानगी मागेल तिथे मी परवानगी देत सुटलो. शेवटी आतल्या इंग्रजी ओळी उघडल्या. त्यातली एक पिवळी पडली होती. (मी कावीळच समजलो.) ती खोडली, तर मॅक्रो चक्क धावायला लागला. मी सगळ्यांना चहा सांगितला.

फक्त 'गा' आणि 'वं' यांची अदलाबदल झाली होती. कुसुमताईंना 'आत ये गा' आलं, तर त्या खूश. (नवऱ्याने दिला नाही तो मान टीव्हीने दिला म्हणाल्या.) मग आले सावनेरचे धोंडबा पैलवान. गाल सुजलेला, मिशी ताठ, आणि टीव्हीवर 'धोंडबा, आत ये वं'. ते उठले ते थेट माझ्याकडे. "काहून गा, मी तुले बाई दिसून राहिलो का?" घाबरून मी आणखी एक ओळ खोडली, तर प्रत्येकाच्या जागी धोंडबाच यायला लागला. नंबर जाईल या भीतीने सगळी वेटिंग 'मीच धोंडबा' म्हणत उभी राहिली, त्यात दोन नऊवारीतल्या. खऱ्या धोंडबांनी मात्र जाहीर केलं की 'वं'वाला धोंडबा आपण नव्हेच. ते गाल धरून बाहेर बसले आणि बाकीचे धोंडबा एकेक करून दात काढून गेले.

आमच्या डॉक्टर अरुंधती मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत हे सरळ झालं नाही तर काउंटरवर टोकनचं मशीन बसवते, तुम्ही घरी आराम करा. पियुषराव, काउंटरमागच्या त्या खुर्चीत माझं आयुष्य गेलं. तरी तुम्हाला मी काही सांगणार नाही. दीप्तीच्या आईने बजावलंय, "जवायाले कोनी काम सांगते का? लाज ठेवा जराशी." तेव्हा हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं समजावं.

आपला,
बळीराम

ता. क. रविवारी सहज या. पाटवडीचा रस्सा आहे. लॅपटॉप हाताशी असला तर आणा, नसला तर कोणाचा तरी आणा.

ता. क. २. पत्राचा फोटो काढून पाठवण्याआधी दीप्तीच्या आईने हे वाचलं. मी दिवसभर घरी बसेन, हे तिला आत्ताच कळलं. लाजेचं ते वाक्य खोडा म्हणते, पण खोडण्यावरून माझा विश्वास उडालाय.

ता. क. ३. दीप्तीला सुट्टी नसेल तर राहू द्या तिला. मुलीशिवाय आमचा रविवार निघेल, तुमच्याशिवाय सोमवार निघणार नाही.